पेट्रोल पंपाच्या पुढची वस्ती

स्वस्त भाड्याच्या घरात राहणाऱ्यांकडे किस्से जास्त असतात, हे माझं ठाम मत आहे. भाड्यात जे वाचतं ते देव असं वसूल करतो. चांगल्या वस्तीतली माणसं भेटली की सुट्टीत कुठे गेलो ते सांगतात, आणि आम्ही घरी कसे पोहोचलो ते सांगतो.

आम्ही म्हणजे सौदीतल्या खमीस मुशैत शहराच्या अगदी टोकाला, शेवटच्या पेट्रोल पंपाच्याही पुढे असलेल्या एका इमारतीतली तीन मराठी घरं. मी नर्स. माझा नवरा मिलिंद एका गोदामात सुपरवायझर. खालच्या मजल्यावर एकटे राहणारे दातांचे डॉक्टर देशमुख, आणि आमच्या समोरच्या दारात सादिक. तो माझ्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. दिवसभर ड्युटी करून निघायचं, आणि मग डांबर संपलं तरी घर येत नाही. खरं सांगायचं तर आम्ही सगळेच दमलेलो आहोत. हसतो तेही दमूनच.

*

सादिक हर्णैचा. बरीच वर्षं त्याने चार जणांच्या खोलीत काढली आणि शेवटी बायको नफीसा आणि मुलगी सना यांना आणलं. परवडेल असं घर त्याला फक्त इथेच मिळालं. एजंट म्हणाला होता, "शहरापासून दहा मिनिटं." हे ऐकून डॉक्टर देशमुखांनी शांतपणे विचारलं, "कुठल्या शहरापासून, ते विचारलंस का?"

नफीसा आली आणि तिने आधी खिडकी उघडली. समोर खडकाळ डोंगर, एक रिकामा प्लॉट आणि अर्धवट बांधून सोडलेल्या दोन इमारती. बराच वेळ बघून ती म्हणाली, "गाव कुठे आहे?"

"हेच," सादिक म्हणाला.

"आमच्या वाडीत निदान तीन दुकानं आहेत हो."

इथे बस नाही, आणि चालत जावं असं काही जवळपास नाही. सादिक सकाळी गाडी घेऊन जायचा, सना शाळेच्या व्हॅनने जायची आणि नफीसा दिवसभर चार भिंतींत. महिन्याभरात तिने सांगून टाकलं, "सनाची परीक्षा होईपर्यंत बघते. नाही जमलं तर आम्हाला विमानतळावर सोडा." त्या दिवसापासून सादिकचा चेहरा उतरला तो उतरलाच. ती गेली म्हणजे त्याच्या नशिबी पुन्हा तीच खोली. मलाही वाईट वाटत होतं. समोरच्या दारात मराठी बोलणारी बाई मिळणं म्हणजे काय सुख असतं, ते इथे आल्याशिवाय कळत नाही.

*

आमचा पत्ता सांगणं हे एक वेगळंच काम आहे. रिकाम्या प्लॉटवर चाकं काढलेली एक जुनी बस उभी होती. "बसपाशी डावीकडे वळा," असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. जेवण आणणारे, गॅस आणणारे, पाण्याचा टँकरवाला, सगळे त्या बसवर अवलंबून.

एक दिवस नगरपालिकेने बस उचलून नेली.

संध्याकाळी मिलिंदचा फोन. दोन वर्षं इथे राहणारा हा माणूस गाडीतून विचारत होता, "अगं, आपण राहतो कुठे?"

मी म्हटलं, "तेच मी रोज स्वतःला विचारते."

*

सौदी म्हणजे वाळवंट आणि वाळवंट म्हणजे उकाडा, हे आपल्याकडच्या माणसांच्या डोक्यातून काढणं अशक्य आहे. खमीस डोंगरावर आहे. हिवाळ्यात आम्ही घरात मोजे घालून फिरतो. शहरात निदान इमारतींचा आडोसा तरी असतो. आमच्याकडे डोंगरावरचा वारा थेट स्वयंपाकघरात येतो.

जानेवारीत नफीसा दोन ब्लँकेटं गुंडाळून, डोक्याला शाल बांधून आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. आईने नीट निरखून बघितलं आणि काळजीने म्हणाली, "एवढं गारठून कशाला बसायचं गं? एसी बंद कर ना."

*

मग माकडांचा प्रकार झाला. डोंगरावरचे बबून खाली येतात, कचऱ्याचे डबे पालथे घालतात आणि आपल्या बापाचं असल्यासारखे रस्त्यात बसून राहतात. घरमालकाने सांगितलं होतं, गॅलरीचं दार उघडं ठेवू नका. पण नफीसाला कोंडल्यासारखं व्हायचं, ती ठेवायची.

एक मोठा नर आत आला आणि ओट्यावरची पिशवी घेऊन गेला. त्यात आईने हर्णैहून पाठवलेले सुक्या कोलंबीचे सोडे होते. समोरच्या भिंतीवर बसून त्याने पिशवी फाडली, एक सोडा तोंडात घातला, थुंकला आणि उरलेले सगळे धुळीत फेकून दिले.

नफीसा गॅलरीतून बघत होती. म्हणाली, "इथल्या माकडांनाही चव नाही."

मी हसले. ती हसली नाही. खाली बसून ती रडायला लागली, आणि मग मलाही हसणं जमेना. त्या संध्याकाळी तिने सादिकला तिकिटं काढायला सांगितलं. परीक्षेनंतरच्या आठवड्याची दोन तिकिटं. त्याने मुकाट्याने काढली.

*

या सगळ्यात तिला एक मैत्रीण मिळाली होती. घरमालकाची आई, उम्म साद, तळमजल्यावर राहायची. रोज दुपारी कॉफीचा थर्मास आणि खजूर घेऊन वर यायची आणि तास दीड तास बसायची. तिला अरबीशिवाय काही येत नाही, आणि नफीसाला अरबीत येतं ते नमाजातलं.

सादिकने एकदा विचारलं, "तुम्ही दोघी एवढं बोलता तरी काय?"

"तिच्या सुनेचं."

"तुला कळतं?"

"सुनेची तक्रार कळायला भाषा कशाला लागते?" नफीसा म्हणाली.

तिकिटं काढल्याचं उम्म सादला कोणी सांगितलं माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ती आली, नफीसाला हाताला धरून खिडकीशी नेलं आणि खाली उभी असलेली गाडी दाखवली. तिची धाकटी मुलगी शिक्षिका आहे, ती रोज ती गाडी चालवत शाळेत जाते. म्हातारीने बोट आधी गाडीकडे केलं, मग नफीसाच्या छातीवर टेकवलं आणि काहीतरी दटावून बोलली. तेही नफीसाला बरोबर कळलं.

*

बायकांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नफीसाचं नाव घातलं. सरावासाठी शुक्रवारी सकाळी रिकामा प्लॉट होताच. आमच्या वस्तीत दुसरं काही नसलं तरी जागा भरपूर.

पहिल्या दिवशी सादिक शेजारी बसला. चावी फिरवायच्या आधीच तो ओरडला, "ब्रेक, ब्रेक!"

नफीसाने हात मांडीवर ठेवले. "अहो, तुम्ही उतरा. तुम्ही एवढे घाबरलात तर मी कोणाकडे बघून शिकू?"

तो उतरला. पुढचे सगळे शुक्रवार तो प्लॉटच्या कडेला चहाचा कप घेऊन उभा असायचा आणि शेजारी मी बसायचे. डॉक्टर देशमुख गॅलरीतून बघायचे. "तोंड उघडं ठेवून उभा राहू नकोस सादिक," ते म्हणायचे, "मला कामाची आठवण होते."

नफीसाला लायसन्स मिळालं. त्याच आठवड्यात सनाची परीक्षा संपली. तिकिटं होती तशीच होती. ती रद्द करू का, हे विचारायचं धाडस सादिकला झालं नाही. मी सनाला हळूच विचारलं, तर ती म्हणाली, "आय डोन्ट नो, आंटी. मम्मी इज पॅकिंग."

*

जायच्या दिवशी मी सुट्टी घेतली. सादिकने बॅगा गाडीत ठेवल्या आणि तो ड्रायव्हरच्या दाराशी गेला. नफीसाने हात पुढे केला. "चावी द्या. मी चालवते."

त्याने चावी दिली. तो तिच्या शेजारी बसला, सना आणि मी मागे. पेट्रोल पंप गेला, बाजार गेला, हमरस्ता लागला. बाजूने मोठे ट्रक जात होते. नफीसा एकदाही डगमगली नाही. सादिक खिडकीबाहेर बघत होता आणि अधूनमधून डोळे पुसत होता. मला त्याच्याकडे बघवेना.

विमानतळाच्या पार्किंगमध्ये तिने दोन गाड्यांच्या मधोमध आमची गाडी नीट लावली आणि इंजिन बंद केलं. सादिक खाली उतरला. त्याने मागून एक बॅग काढली, दुसरी काढली, आणि दोन्ही हातांत धरून उभा राहिला. नफीसा उतरली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून ती समोरच्या दारातून बॅगा ढकलत आत जाणाऱ्या माणसांकडे बघत बसली.

"एवढंच लांब आहे होय?" ती म्हणाली.

मी मागच्या काचेतून सादिककडे बघितलं.

"सना, बेल्ट लाव," असं म्हणून तिने गाडी सुरू केली. "दूध संपलंय, वाटेत घेऊ."

सादिक बॅगा घेऊन तसाच उभा होता. नफीसाने काच खाली केली.

"अहो, बसताय ना? की तुम्ही जाताय?"