आजोळ विचारणारे मामा

अख्ख्या नाशिक जिल्ह्यात बापाच्या आडनावाला काडीची किंमत न देणारा एकच माणूस मी पाहिला: माझ्या मैत्रिणीचे मामा. कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. कुणी आडनाव सांगून छाती फुगवली, की हे म्हणणार, "ते असू द्या. आईच्या आईचं माहेर कुठलं?" निफाडच्या एका लग्नात वरपक्ष सात पिढ्यांची नावं मिरवत असताना हे मध्येच उठले आणि म्हणाले, "ह्या सगळ्या पुरुषांना जन्म कोणी दिला, द्राक्षबागेनं?" नवरदेवाच्या काकांनी त्यांना हाताला धरून पंगतीत नेऊन बसवलं. मामांनी तिथं वाढप्यांची आजोळं काढली.

मी पत्रकं लिहिणारी मुलगी. संतापाशिवाय मला वाक्य सुचत नाही. इगतपुरीकडे धरणाच्या कामावरचा एक मजूर नाहीसा झाला होता. मुकादम म्हणाला, पळाला. बऱ्याच वर्षांनी दरीत हाडं सापडली. त्याची आई कधीच वारलेली. वाढवलं मावशीनं, आणि ती ठाम सांगत होती की हा माझाच. पण डीएनए तपासायला पोलिसांनी रक्त घेतलं कुणाचं? चुलत्याचं. का, तर कूळ एक! अहवाल आला: जुळत नाही. फाइल बंद, हाडं बेवारस. मी चवताळून पत्रक लिहिलं. मामा ते वाचून हसतच सुटले.

"अगं, इतक्या जुन्या हाडांत टिकते ती आईकडून आलेली खूण. बाप ती देतच नाही, मग चुलता जुळेल कसा? मावशीला ने."

फौजदार म्हणाले, ती बाई तर दुसऱ्या घरात दिलेली, तिचा काय संबंध? मी भांडायला उभी राहिले, तेवढ्यात मामांनी त्यांचंच आजोळ विचारलं. देवळ्याचं निघालं. मग चहा आला, आजीची कांद्याची चाळ आली, आजीचा स्वभाव आला, आणि आम्ही उठलो तेव्हा मावशीच्या रक्ताचा अर्ज मंजूर झाला होता.

ह्या वेळी जुळलं. मुकादमाला धरून आणलं. हाडं ताब्यात घ्यायला मात्र भावकी हजर: अग्नी आम्हीच देणार. मी तोंड उघडणार तोच मावशीनं ते पांढऱ्या फडक्यातलं गाठोडं लेकरासारखं कडेवर घेतलं.

"माझा पळाला नव्हता," ती भावकीला म्हणाली. "इथंच व्हता."

कुणी आडवं आलं नाही. परतताना एसटीत गाठोडं तिच्या मांडीवर होतं. तिला ऊन लागू नये म्हणून मामा खिडकीशी बसले, आणि घोटी येईपर्यंत तसेच ताठ बसून राहिले.