पुढे ढकललेली तारीख

सुनंदावहिनीचा फोन आला तेव्हा मी पनवेलच्या बाजारात मेथीच्या जुड्या बघत होते. "ताई, आई गेल्या," ती म्हणाली. आई म्हणजे तिची सासू, माझी हिराआत्या. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघावा? "ताप होता का गं? डोळे पिवळे दिसत होते का?" वहिनी म्हणाली, "नाय वो. सकाली चाय पिऊन परत आडव्या झाल्या, मग उठल्याच नाय. डाक्तर बोल्ला, हार्ट." मेलं माणूस आणि मला हायसं वाटलं! भाजीवालीसमोर रडू आलं तेही त्या सुटकेचंच. अशी कशी मी, म्हणाल. सांगते.

हिराआत्या गव्हाणची धवलारीण. आमच्या आगरी लग्नात धवलारीण धवले गाते तेव्हा कुठे विधी पुढे सरकतात. उरणपासून ओवे गावापर्यंत तिला बोलावणी असायची. बऱ्याच वर्षांपूर्वी पोट फाडून तिचं पित्ताशय काढलं, तेव्हा लग्नाचा अख्खा हंगाम तिचा वरचा सूर लागला नव्हता. त्यामुळे सत्तरीत कावीळ झाली आणि पित्तनलिकेत बोराएवढा खडा अडकलाय असं कळलं, तेव्हा तिनं आधीच सांगून टाकलं, "पोट कापून नाय घेवाचा मना. गाना पोटातशी येते."

मी गणिताची मास्तरीण. वही घेतली, रकाने आखले. एक, पोटाचं ऑपरेशन: एकदाच काय ते होऊन जाईल, पण वय आणि साखर आडवी येणार. दोन, तोंडातून दुर्बीण घालून नलिकेचं तोंड फुग्यानं रुंद करायचं आणि खडा तारेच्या जाळीत पकडून चिरडायचा: कापाकापी नाही, पण एका खेपेत होईलच असं नाही. तीन, त्याहून बारीक दुर्बीण थेट नलिकेत नेऊन लेझरनं खडा फोडायचा: अवघड खड्याला उत्तम, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी. मी आत्याला सगळं वाचून दाखवलं. "यातला कुटला केला तं मी गाईन, तेवरा सांग," ती म्हणाली. झालं, माझे रकाने गेले उडत!

आम्ही फुगा आणि जाळी निवडली. खडा हट्टी निघाला, निम्मा आतच राहिला. पित्त वाहतं राहावं म्हणून डॉक्टरांनी तिथे प्लास्टिकची बारीक नळी ठेवली आणि बजावलं, "तीन महिन्यांत परत या. ही नळी तुंबते." आत्याला बरं वाटू लागलं, जेवण जाऊ लागलं. आणि नेमकं माझ्या लेकीचं लग्न त्या तारखेच्या आसपास आलं. आत्यानं विचारलं, "काय करू गो?" मला दुसरी धवलारीण नको होती. मी म्हटलं, "होऊ दे लग्न, मग जाऊ..." आमच्यात लग्नापुढे दवाखाना नेहमीच थांबतो. आत्या गायली, मांडव हलवून टाकला तिनं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप, डोळे हळदीसारखे. नळी तुंबून आत पू झाला होता. दोन दिवस ती या जगाची नव्हती. मी बाहेर बाकावर बसून स्वतःला शिव्या घालत होते. पुढे जरा सावरल्यावर लेझरनं उरलेला खडा फोडला, नलिका साफ झाली, आणि आत्या पुन्हा मांडवात उभी राहिली. सहा वर्षं गायली. पण माझ्या मनातून ते दोन दिवस जाईनात. दर रविवारी मी गव्हाणला जायचे, पहिल्यांदा तिचे डोळे बघायचे, मग चपला काढायचे.

तेराव्यानंतर वहिनीपाशी एकदाचं सगळं बोलून टाकलं. ती ऐकत राहिली, आणि चक्क हसली. "अवो ताई, आईंनी तुमाला विचारलं त्याच्या आदल्या दिशीच माज्याकडून दवाखान्यात फोन लावून तारीख पुडं ढकलली व्हती. भाचीच्या लेकीचं लगीन सोडून जानार हाय का मी, बोलल्या."

"मग मला सांगितलं का नाही कुणी? सहा वर्षं गं!"

"मी बोल्ली व्हती, सांगूया. तं मनाल्या, राऊ दे, तिला तसाच वाटू दे. त्या निमतानं दर रयवारी येते तं."

लबाड म्हातारी! मी हसले, रडले, पुन्हा हसले. छातीवरचा धोंडा उतरला आणि तो तिनंच ठेवला होता, मजेत, मला भेटायला मिळावं म्हणून.

आता ना तो अपराध राहिला, ना आत्या. गव्हाणला जायचं काही कारण नाही. तरी गेल्या रविवारी गेलेच. ओटीवर तिच्या बसायच्या जागी अजून कुणी बसत नाही. मी बसले, आणि तिला मनसोक्त शिव्या घातल्या.