दत्ता आलता

हे मी कुणापाशी बोलले न्हाई. सख्ख्या बहिणीपाशी न्हाई, देवापाशीबी न्हाई. त्याच्यापुढं हात जोडते अन् दुसरंच कायतरी मागून उठते. आज तुला सांगते. सांगून काय व्हणार — ते मला ठाऊक न्हाई.

लोहगडवाडीत माझी टपरी हाय. गडावर जाणारी माणसं थांबतात, पिठलं-भाकरी खातात, ताक पितात. मालक गेले तवा दत्ता लय लहान. ह्याच चुलीवर मी त्याला वाढवला. एकुलता एक. त्याचं लग्न झालं अन् वर्सभरात तो कुसगावला बायकोच्या घरी ऱ्हायला गेला. अश्विनी तिच्या आईबापाची एकटी. बाप अंथरुणाला खिळलेला, त्यांचं बारकं लॉज बघायला कुणी न्हाई. कारण खोटं नव्हतं. पण लोक मला विचारायचे — काय मावशी, पोरगा घरजावई झाला म्हणं? ते मला लय लागलं. तो निघाला तवा सगळ्यांदेखत मी म्हणले, "गेलास तर मला आई म्हणू नको."

पण मला सांगायचंय ते हे न्हाई. हे तर गावाला ठाऊकच हाय. आई रागानं बोलतीच, म्हणाले सगळे. पोरानं मनावर घेऊ नये.

त्याचे फोन यायचे, मी उचलत नव्हते. नात झाली ती मला दुसऱ्याकडनं कळली. अशी तीन-चार वर्सं गेली.

मग एका श्रावणातल्या रविवारी — गर्दी अशी की ताटं धुवायला उसंत न्हाई, अन् धुकं असं की शेजारची टपरी दिसंना — कडेच्या बाकड्यावर तिघं येऊन बसले. त्यानं रेनकोटची टोपी कपाळावर ओढलीवती. पण एक पाय मुडपून बसायची त्याची सवय, तेवढ्यावरनं मी वळखलं. शेजारी अश्विनी, मांडीवर पोरगी. तो लय वाळलावता. गालफडं बसलीवती. अन् माझ्या मनात काय आलं, सांगू? बरं झालं, असं आलं. सासुरवाडीचं अन्न अंगी लागलं न्हाई तर. पोटच्या पोराला बघून — हे आलं.

मी पुढं गेले. वळख दाखवायची न्हाई, हे कवा ठरलं? जाता जाता चार पावलांत ठरलं असंल. मी म्हणले, "काय देऊ, दादा, तुमाला?"

दादा. गिऱ्हाइकाला म्हणते तसं. अन् तुमाला. जल्मात ज्याला अरे-तुरेशिवाय बोलले न्हाई, त्याला.

तो माझ्याकडं बघत ऱ्हायला. अश्विनीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग हळूच म्हणला, "पिठलं-भाकरी द्या, मावशी."

मी म्हणलंवतं ना, आई म्हणू नको — त्यानं पाळलं.

मी भाकरी थापली, वाढली. पोरगी म्हणली, "आजी, पाणी." पोरं कुठल्याबी म्हातारीला आजीच म्हणतात, तिला काय ठाऊक? तांब्या ठेवला अन् वळले. तिच्या तोंडाकडं नीट बघितलंसुद्धा न्हाई. दत्ता लय येळ बसून ऱ्हायला, भाकरी अर्धी ताटात तशीच. एकदा उठून माझ्या मागं येऊन उभा ऱ्हायला. मला पाठीला कळलं. मी भजी तळत ऱ्हायले.

मग ते उठले. गडाच्या पायऱ्यांकडं गेलेच न्हाईत, सरळ गाडीकडं गेले. हितं माणूस गडासाठी येतं. हा गडासाठी आला नव्हता, हे कळायला काय शाळा शिकावी लागती? मला कळलं. तरी हाक मारली न्हाई. जरा झुकू दे, म्हणले मनात. परत येईल की.

तो परत आला न्हाई. थंडीत पुतण्या सांगत आला, दत्ता गेला. लिव्हरचं दुखणं. बाकड्यावर बसलता तवाबी ते व्हतंच.

कुसगावात त्याला बघितला अन् मी अंग टाकलं. भोवती बायका. अन् रडता रडता माझ्या तोंडातनं निघालं, "लेकरा, एकदा तरी यायचं व्हतंस रे आईकडं."

अश्विनीनं मान वर केली. माझ्याकडं बघितलं. ती त्या बाकड्यावर बसलीवती ना? मला वाटलं, आता बोलंल. ती बोलली न्हाई.

पुढचं काम गावानं केलं. बायकोनंच बांधून ठेवला, मरेस्तवर आईचं तोंड बघू दिलं न्हाई. माझ्या दारात बसून बायका हे बोलायच्या, अन् मी? मी पदरानं डोळे पुसायची. न्हाई म्हणले न्हाई. एकदाबी न्हाई.

मी टपरी बंद केली. जेवण सुटलं, अंथरूण धरलं. अन् आलं कोण, म्हणशील? अश्विनी. नातीला, सईला, कडेवर घेऊन आली, मला उठवून न्हाऊ घातलं, डोक्याला तेल लावलं, टपरीतली चूल पेटवली. आता दर शनिवारी येती. सई माझ्या अंगावर पाय टाकून झोपती. मला अन्न गोड लागायला लागलंय. परवा मी हसले — माझं मलाच नवल वाटलं. ही जी मी उठून बसले, ती तिच्या हातानं. अन् तिच्यावरचा आळ मी तसाच ठेवलाय. घरात आमी दोघीच असतो तवाबी ती त्या दिवसाचं नाव काढत न्हाई. मीबी काढत न्हाई. काढलं तर मला बोलावं लागंल.

यंदा गणपतीत माझी नणंद आलती. चार बायका बसलेल्या. ती अश्विनीला म्हणली, "आता माया करतीस ते बरंय, पोरी. पण तवा एकदा तरी आणायचंस त्याला."

सई तितंच बसलीवती. मोठी झालीय आता, सगळं कळतं. अश्विनीचा हात थांबला. ती माझ्याकडं बघत ऱ्हायली — रागानं न्हाई. वाट बघितल्यासारखी. मला दोनच शब्द बोलायचे व्हते. मी खाली बघितलं.

मग ती म्हणली, "व्हय आत्या. चुकलं माझं."

सईनं आईकडं बघितलं. उठली, अन् येऊन माझ्या मांडीवर बसली.

मी तिला बसू दिलं.