पोरीच्या नावची सावड

निवृत्त झाल्यावर घरच्यांचं डोकं खाण्यापेक्षा बाहेर जाऊन खावं, म्हणून मी नाशिकच्या एका रुग्णालयात मुलांच्या कॅन्सर वॉर्डात जाऊ लागले. काम साधं होतं. खेड्यातून आलेल्या आयांना कुठे जायचं, कुठलं औषध कधी द्यायचं, परत कधी यायचं हे सांगायचं. उपचार तिथे फुकट होते. तरी मुलं मधेच यायची बंद व्हायची, आणि माझं टाळकं सटकायचं.

सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची सहा वर्षांची पोर तशीच यायची थांबली. रक्ताचा कॅन्सर. पहिल्या महिन्याच्या औषधांनी ताप गेला, गाल भरले, टकलावरून हात फिरवत ती वॉर्डभर हुंदडायला लागली. तिची आई म्हणाली, "पोर बेस जाली, बाई. आता आवणी आली." आवणी म्हणजे भाताची लावणी. मी बजावलं, उपचार दोन वर्षं चालतात, मधे सोडले तर दुखणं उलटतं आणि मग औषधालाही जुमानत नाही. तिने मान डोलावली. इंजेक्शनची तारीख आली, मायलेकी आल्या नाहीत. फोन लागेना.

मग मीच निघाले. एसटी, पुढे जीप. काय काय सुनवायचं याची वाटभर उजळणी चालली होती.

पाड्याखालच्या खाचरात बाया ओळीने वाकून भाताची रोपं लावत होत्या. त्यात ती आई. पोर बांधावर इरलं पांघरून बसलेली. शेत मात्र तिचं नव्हतं, एका म्हातारीचं होतं. तिकडे सावड चालते. आज तू माझ्या शेतात राबायचं, उद्या मी तुझ्या. नवरा-बायको दोघांनीच लावायचं म्हटलं तर रोपं हातची जातात.

मी बांधावरूनच तोंड सोडलं. "गवत वरून खुडलं म्हणजे गेलं का गं? मुळी राहतेच ना? हिच्या रक्तात अजून मुळी आहे!"

सगळ्यांचे हात थांबले. आईचा चेहरा पडला. "मी गेली त माझं कोण लावील, बाई? वरीसभर खायाचं काय?"

तयारी करून आणलेल्या भाषणात भाताचा विषयच नव्हता.

म्हातारीने कंबर सरळ केली. "जा तू. तुझं आम्ही लावू."

"आन पुढल्या साली?"

"पुढल्या सालीबी."

मला कुठे गप्प बसवतंय! मी म्हटलं, "आजी, पण हिला दोन वर्षं तुमची सावड फेडता यायची नाही."

म्हातारीने चिखलाचा हात पोरीकडे केला. "ती फेडील ना. मोठी जाली का येईल आवणीला."

इतर बायांनी माना हलवल्या आणि पुन्हा वाकल्या. त्यांच्यापुरता विषय संपला होता.

वॉर्डात त्या पोरीच्या मोठं होण्याबद्दल आम्ही कुणी अवाक्षर काढत नव्हतो. डॉक्टर पुढच्या तपासणीपलीकडे बोलत नसत, मीही नाही. आणि इथे गुडघाभर चिखलात उभ्या राहून या बायांनी तिला कामावर धरूनही टाकलं होतं. इतकी मोठी माणसं मी आयुष्यात फार पाहिलेली नाहीत.

आईने खाचरातल्याच पाण्यात हात धुतले, पोरीला कडेवर घेतलं, आणि मी तशीच उभी आहे हे बघून म्हणाली, "चला ना बाई. जीप जाईल."