सारवलेला पूर

माझ्या आईला स्वच्छतेचं भारी वेड होतं, आणि त्या वेडापायी आमच्या आळीला पुरापासून वाचवणारी भिंत मिळाली नाही. हे वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसावं. मला मात्र अजून संतापच येतो.

आमचं गाव शहापूर-मुरबाड रस्त्याजवळ, नदीला लागून. पुलाशी दुकानं आणि स्लॅबची घरं, आणि तिथून खाली, नदी जिथं वळण घेते तिथं आमची आळी. वडील मी शाळेत असतानाच गेले. आईनं थोडीशी भातखाचरं आणि मजुरी यांवर मला वाढवलं. घराची दर्शनी भिंत विटांची, मातीत बांधलेली, बाकीच्या कुडाच्या. पण आईची सारवण बघायला अख्खी आळी यायची. जमिनीवर शेणाची बोटं अशी उमटवायची की पाय ठेवायला जीव धजत नसे. नव्वदीच्या सुरुवातीला लग्न होऊन मी मुरबाडला गेले आणि त्या घरात आई एकटी राहिली.

लग्नानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या श्रावणात आमच्या आळीत पूर शिरला. त्याआधी पाणी अंगणापर्यंत येऊन माघारी जायचं. त्या वर्षी ते थेट घरात आलं आणि आईच्या छातीला लागलं. आळीतल्या बायका पोरांना घेऊन टेकाडावरच्या शाळेत जाऊन बसल्या. रस्ता सुरू झाल्याबरोबर मी एसटीनं आले, तेव्हा आई फावड्यानं घरातला गाळ बाहेर ओढत होती. तांदळाची कणगी आतून कुजायला लागली होती, त्याचा आंबूस वास सुटला होता, आणि ही बाई मला म्हणाली, "बरी आलीस गो. गनपतीला दिस किती ऱ्हायलं, आन भिंती बघ कशा झाल्या!"

आम्ही दोघी कामाला लागलो. आळीत घरोघरी तेच चाललं होतं. गाळ उपसला, भांडी राखेनं घासली, भिंती खरवडल्या, नव्या मातीनं लिंपल्या, शेणानं सारवल्या. दर्शनी भिंतीला गेरू दिला आणि त्यावर चुन्याची बोटं काढली. चिखलाच्या घरात देव बसवायचा, हा विचारच तिथं कुणाच्या मनाला शिवला नसता. गणपती आला तेव्हा आमचं घर पुराआधी होतं त्याहून देखणं दिसत होतं. आई इतकी खूश होती की कुजलेल्या तांदळाचं दुःखसुद्धा तिनं तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं.

गौरी-गणपती आटोपले आणि मग पंचनामा करायला साहेब उगवले. मी अजून माहेरीच होते. साहेबांनी अंगणातूनच विचारलं, "मावशी, पाणी कुठपर्यंत आलं होतं?"

आईनं छातीला हात लावला. "हितवर, सायब."

"तसं नाही. भिंतीवर दाखवा. पाण्याचा डाग कुठाय?"

"डाग कशाला ठेवीन? सनासुदीचं घर. मी सोताच उभी व्हते ना पान्यात, आजून काय दाखवू?"

साहेब हसले. "तुमचा हात काय, वरही जाईल आणि खालीही येईल. आम्हाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे." मग त्यांनी घरात डोकावून बघितलं, भिंतीवरून नजर फिरवली आणि मनापासून म्हणाले, "घर मात्र झकास ठेवलंय हं. आमच्याकडे बायकांना हे जमत नाही."

आईनं त्यांना चहा दिला. ते चहा प्यायले, आळीतली बाकीची घरंही तशीच लखलखीत बघितली, आणि नुकसान दिसत नाही असं लिहून निघून गेले. पुढं कित्येक दिवस आई भेटेल त्याला सांगत होती की सायबांनी आपल्या सारवणीचं नाव काढलं. ती तारीफ आम्हाला केवढ्याला पडली, हे तेव्हा तिला कळलं नाही, आणि मलाही नाही.

पुलाजवळचे दुकानदार आमच्यासारखे भोळे नव्हते. त्यांच्या दुकानात पाणी आमच्यापेक्षा कमीच शिरलं होतं, पण त्यांनी गाळासकट शटर ओढून कुलूप घातलं आणि पंचनामा होईपर्यंत आत झाडू लावला नाही. त्यांना मदत मिळाली. त्यांना मिळाली म्हणून माझ्या पोटात दुखत नाही. त्यांचाही माल भिजलाच होता. दुखतं ते वेगळंच. पूर आमच्या घरात येणार, नुकसान आमचं होणार, आणि तो आला होता हे सिद्धही आम्हीच करायचं, तेही साहेबांना सवड होईपर्यंत चिखलात बसून! पाणी उतरलं त्याच दिवशी सरकारचा एक माणूस आळीत फिरला असता आणि घराघरावर ऑइलपेंटची एक रेघ मारून गेला असता, तर पुढची सगळी रड टळली असती. रंगाचा एक डबा आणि एका माणसाचे पाय, एवढाच खर्च होता.

काही वर्षांनी गावात बातमी आली की नदीकाठाला संरक्षक भिंत मंजूर झाली. दगडाची, उंच, वर सिमेंट. आईला कामही मिळालं त्या भिंतीवर. उन्हाळाभर तिनं डोक्यावरून वाळूची घमेली वाहिली आणि फार आनंदानं वाहिली, कारण भिंत पुलापासून सुरू होऊन रोज थोडी थोडी आमच्या आळीकडे सरकत होती. मी भेटायला गेले की ती मला हात धरून तिकडं न्यायची आणि आज कुठवर आली ते दाखवायची. घर आता पोरीच्या पोरांपर्यंत टिकतंय, असं तिनं मनात धरलं होतं.

वळण लागायच्या अलीकडे भिंत थांबली. यंत्रं गेली, मुकादमानं हिशेब मिटवला. कामावरच्या इंजिनिअरला आईनं विचारलं, "भाऊ, आमच्याकडं कवा आनताव ही भिंत?"

"तुमच्याकडे कशाला, मावशी? तुमच्या आळीत पूर येत नाही."

"येत नाय कसा? माज्या छातीला लागला व्हता!"

त्यानं शांतपणे समजावलं की जिथं पुराची नोंद आहे तिथंच भिंत धरली आहे, आणि आमच्या आळीची नोंद निरंक आहे. माणूस वाईट नव्हता. त्याच्या हातातल्या नकाशावर आम्ही कोरडे होतो, एवढंच. आईनं त्या रात्री मला शेजारच्या दुकानातून फोन लावला आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडून ऐकलं, "आपुनच सारवला गो तो पूर. आपल्या हातानं."

मी शिकलेली आहे. निदान अर्ज लिहिण्याइतकी. मी अर्ज लिहिले. त्यांची उत्तरं आली नाहीत. कचेरीतल्या एका टेबलावर मला सांगण्यात आलं की देशाकडे पैसा मर्यादित असतो, सगळीकडे भिंती बांधता येत नाहीत. खरं असेलही. पण आमच्या तालुक्यातून जाडजूड पाइपांनी शहराला पाणी जातं, तेव्हा पैसा मर्यादित नसतो. त्या पाइपांवर गंज चढला की लगेच माणसं येतात. आमचं पाणी ज्यांच्या नळाला येतं, त्यांनी आमच्या पुराचाही थोडा भार उचलावा, असं म्हटलं तर यात वेडेपणा कुठला? वाशिंदच्या नव्या सोसायट्यांतली माणसं कर भरतात तसा आम्हीही माचिसच्या पेटीपासून कर भरतोच. आधी खर्च करून माणसं वाचवायची, की नंतर धान्याचं पोतं देऊन फोटो काढायचा, हे ठरवणारे लोक पूर ज्या मजल्यावर पोचत नाही तिथं बसतात. त्या टेबलावर मी हे सगळं बोलले आणि बाहेर येऊन रडले.

दोन हजार पाचच्या जुलैत जो पाऊस झाला त्याची आठवण कुणाला करून द्यायला नको. पुलाजवळची दुकानं त्या भिंतीमुळं बरीचशी वाचली. पण अडवलेलं पाणी भिंत संपते तिथून सुटलं आणि सगळ्या जोरानं आमच्या आळीत घुसलं. आईला शेजाऱ्यांनी हाताला धरून शाळेत नेलं म्हणून ती वाचली. घराची मागची कुडाची भिंत वाहून गेली, आईची एकुलती गाय गेली.

मी पोचले ती पिशवीत गेरू, खराटा आणि फिनेल घेऊनच. आई जोत्यावर बसली होती. दर्शनी भिंतीवर, पार दाराच्या चौकटीच्या वर, गाळाची रेघ होती. मी खराटा काढला तशी ती ओरडली, "हात लावू नको भिंतीला!"

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. जिनं आयुष्यभर उंबऱ्यावर धूळ राहू दिली नाही, ती बाई त्या घाणीत दिवसच्या दिवस बसून राहिली. मुरबाडला चल म्हटलं तर येईना. मागं कुणी भिंत पुसून टाकली तर? गणपती आला तेव्हा तिनं एक पाट तेवढा धुतला आणि चिखलाच्या भिंतीपुढं मूर्ती ठेवली. आरती केली. नंतर म्हणाली, "देवालाबी बघू दे." देवासाठी सारवायचं आणि सरकारसाठी घाण ठेवायची, यात त्या वर्षी देव हरला.

साहेब आले. आधीचे नव्हते, नवे, तरुण. नाकाला रुमाल लावून आत आले, रेघ बघितली, मोजली, लिहून घेतली. आई उभी राहून बघत होती, तिच्या डोळ्यांत कित्येक वर्षांनी उजेड दिसला. जाता जाता साहेब थांबले.

"आजी, एवढा गाळ घरात कसा ठेवलात? साथ पसरेल. थोडी स्वच्छता ठेवत जा."

आई म्हणाली, "मागल्या टायमाला ठेवली व्हती, सायब."

त्यांना काही कळलं नाही. मोडलेल्या घराचे थोडे पैसे आणि धान्य मिळालं. भिंतीचं विचारलं तर ते खातं वेगळं निघालं, आणि त्या खात्यात आमच्या नदीचं काम केव्हाच पूर्ण झालेलं होतं.

मागची भिंत पुन्हा उभी केली. आई पुन्हा सारवायला लागली, पण दर्शनी भिंतीवर चौकटीच्या वर गाळाच्या रेघेची वीतभर पट्टी तिनं तशीच सोडली. दरवर्षी गणपतीआधी मी गेरू द्यायला जायचे आणि ती खाली बसून माझ्या हातावर नजर ठेवायची. पुढच्या काही वर्षांत तिचे गुडघे गेले, नंतर दृष्टी गेली, तरी विचारायची, "पट्टी हाय ना गो?" मी म्हणायचे, आहे.

भिंत आली नाही. आई गेली. सुतक फिटलं त्या दिवशी आळीतल्या बायका शेण-माती घेऊन घर सारवायला आल्या. रीतच आहे, सगळं घर सारवायचं, काही सोडायचं नाही. एकीनं गेरूचा बोळा वर नेला आणि पट्टीपाशी थबकली. माझ्याकडं वळून विचारलं, "ही घेऊ का गो आता?"

मी म्हटलं, "नको. साहेब यायचे आहेत अजून."