खारजमिनीचा मॉड

ओहोटी लागली की अंजूरच्या खाडीकाठी ओल्या चिखलाचा एक खारट, किंचित कुजका आणि तरीही विलक्षण जिवंत गंध दरवळतो. आमच्या आईचं सारं आयुष्य त्या गंधात गेलं; कारण बांध घालून भरतीपासून राखलेली आमची भातशेती, आमची खारजमीन, तिथेच होती. सन दोन हजार उलटल्यावर गोदामं पूर्णा गावाकडून सरकत सरकत आमच्या वेशीशी आली, शेत विकलं गेलं आणि आई घरात बसली. दुःख तिने कधी बोलून दाखवलं नाही. ती फक्त कमी बोलू लागली. मौनाइतकं अवघड रुदन दुसरं कुठलं असेल?

मी तेव्हा भिवंडीच्या कॉलेजात होते. घरी कॉम्प्युटर आला होता, आणि यंत्रमागवाल्यांच्या घरातली माझी तल्लख मैत्रीण नसीमा हिने त्यावर एक खेळ घालून दिला होता: नदीकाठी गाव वसवायचं, शेतं पिकवायची, माणसं पोसायची. एका दुपारी आम्ही खेळत असताना आई मागे येऊन उभी राहिली.

"ह्यो गहू हाय," ती म्हणाली. "पान्याच्या काठाला कोन गहू पेरतं?"

नसीमाने ते मनावर घेतलं. खेळणाऱ्याने मूळ खेळात आपल्या हाताने घातलेली भर, तिला मॉड म्हणतात. नसीमाच्या मॉडमध्ये गव्हाचा भात झाला, नदीची खाडी झाली, भरती येऊ लागली, आणि बांधात उघाडी बसली, म्हणजे पाणी अडवायचं आणि सोडायचं दार. पडद्यावरची वाक्यं मी आईच्या बोलीत लिहिली. आई माउस धरायला शिकली, आणि हळूहळू त्या काचेआडच्या शेतात रमली.

मग त्याच खेळाची नवी, उजळ आवृत्ती आली. पाण्यावर ऊन चमकत होतं, झाडांची पानं हलत होती. नसीमा ती मोठ्या हौसेने घेऊन आली. दोन्ही मावतील एवढी जागा नव्हती, म्हणून जुना खेळ आम्ही काढून टाकला. त्याची सीडी तर केव्हाच ओरखडे पडून निकामी झाली होती. मॉड नव्या खेळात चालेल, असं आम्ही गृहीतच धरलं होतं. पण पडदा उघडला तेव्हा मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन होते, शेतात पुन्हा गहू डोलत होता, आणि पाणी सुंदर, पण निश्चल होतं.

"माझा गाव कुठं गेला, बाय?" आईने विचारलं.

नसीमाचं लग्न ठरलं होतं, सासर खारबावचं. तरी सुट्टीभर ती रिक्षाने अंजूरला येत राहिली. अक्षरं जुळली, भात उगवला. भरती मात्र येईना. अखेर कारण उमगलं. जुन्या खेळात एक दोष होता, पाणी कधीकधी काठ ओलांडून पसरत असे. नसीमाने तिची भरती त्या दोषावरच उभी केली होती. नव्या आवृत्तीत तो दुरुस्त झाला होता. आपल्याही आयुष्यातलं किती सौख्य असं कुणाच्या तरी नजरचुकीवर उभं असतं, कोण जाणे.

लग्नाआधी शेवटची आली त्या दिवशी तिने आईला स्वतःच सांगितलं. "काकी, भात झाला. पण भरती नाय येत. नवीन गेमचं पाणी हलतच नाय. आणि आता मला टाईम पण नाय."

आई खुर्चीत बसली आणि काठाकाठाने बांध घालू लागली.

"बांध कशाला, काकी? पाणी चढणारच नाय."

"आज न्हाय चढत," आई पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली. "पन तू आनशील ना कवातरी? पानी आल्यावर कोन बांध घालतं?"

नसीमा निघायला उठली होती. ती पर्स खांद्याला तशीच ठेवून पुन्हा खाली बसली, आणि बांध पुरा होईपर्यंत बघत राहिली.

लग्न झालं. कित्येक महिने आई त्या कोरड्या बांधाआड भात लावत, कापत राहिली. बांधाची डागडुजीही तिने कधी चुकवली नाही. आणि एका सकाळी नसीमा सीडी घेऊन दारात उभी राहिली.

"पाणी चढत नाय ना, काकी, मग मी काठाची जमीनच खाली उतरवली," ती म्हणाली. "थोडी खाली जाते, परत वर येते. दिसताना भरतीच दिसते."

आम्ही तिघी पडद्यासमोर बसलो. बांधाबाहेरचा चिखल हळूहळू बुडाला, पाणी बांधाला टेकलं आणि तिथेच थांबलं. आत भात हिरवा राहिला.

"आलं गं," आई म्हणाली.

मग ती बोलू लागली. कुठल्या बाजूने लाट मारते, बांध कुठे आधी खचतो, तो फुटला की सगळा गाव चिखलाच्या टोपल्या घेऊन कसा धावायचा, आणि खारं पाणी शिरलेल्या आमच्या शेतात पुढच्या वर्षी पुन्हा भात कसा झाला. हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. नसीमाने माउस बाजूला सारला.

"काकी, फुटतो कसा तो? आवाज येतो का आधी?"

आईने खुर्ची तिच्याकडे वळवली, आणि सांगू लागली.