परसातल्या अकरा चुली

आमच्या डॉक्टरांइतका रागीट माणूस अख्ख्या पश्चिम खानदेशात झाला नाही, आणि पुढे होईल अशी लक्षणंही मला दिसत नाहीत. तापीच्या काठापासून सातपुड्याच्या माथ्यापर्यंत एक गाव असं दाखवा की जिथल्या निदान दोन माणसांनी त्यांची बोलणी खाल्ली नाहीत. लोक सकाळी उठून देवाला हात जोडतात, हे उठून डासांना शिव्या घालत. थर्मामीटर हातात धरून त्यालाच विचारत, "एकशे तीन? लाज नाही वाटत?" आणि खाटेवरचा म्हातारा बिचारा घाबरून म्हणे, "चुकनं, दादा!" एकदा एक गडी पायातला नारू तीन आठवडे धोतराखाली झाकून ठेवून आला. डॉक्टर त्याच्यावर इतके ओरडले, इतके ओरडले, की त्याच्यासाठीचे शब्द संपले, तेव्हा काडीवर गुंडाळत असलेल्या त्या नारूकडे वळून म्हणाले, "हा गाढव, पण तुला तरी अक्कल नको?" मात्र ओरडताना हात कसा चालत असे म्हणाल, तर दोऱ्याइतका तो किडा न तुटता अखंड बाहेर आला, आणि त्या गड्याला कळलंसुद्धा नाही. मी त्यांचा कंपाउंडर. बारा वर्षं त्यांच्या शेजारी उभा राहून पुड्या बांधल्या, आणि माझ्या वाट्याला आलेला राग तर मोजायला बसलो तर आयुष्य पुरायचं नाही.

शहाद्यातल्या चार चांगल्या माणसांनी मिळून हा धर्मार्थ दवाखाना काढला. अकरा खाटा, एक औषधांची खोली, मागे चिंचेचं झाड आणि ऐसपैस परस. दारावर पाटी लावली, 'गोरगरिबांसाठी'. आता हे गोरगरीब कोण, यावरून डॉक्टर आणि कमिटी यांचं पहिल्या दिवसापासून वाकडं. कमिटीच्या मनातला गरीब म्हणजे आंघोळ करून येणारा, हात जोडून उभा राहणारा, औषध घेऊन निमूट घरी जाणारा. डॉक्टरांचा गरीब तोरणमाळकडून दोन दिवस चालत यायचा. बांबूला झोळी बांधायची, झोळीत आजारी माणूस, पुढे-मागे दोन गडी, आणि त्यांच्यामागे सगळं घर: म्हातारी, पोरं, शेळी, टोपलीत कोंबडी. एकटा आजारी माणूस डोंगरातून कधी आलाच नाही. कारण परक्या गावात, परक्या हातचं खाऊन, भिंतीकडे तोंड करून एकट्याने मरायला तो तयार नव्हता, आणि का असावा हो? तुम्ही असाल तयार?

म्हणून डॉक्टरांचा नियम होता, एक खाट तर एक चूल. खाटेला नंबर तोच चुलीला. परसात तीन तीन दगड मांडून अकरा चुली, आणि ज्याचं माणूस खाटेवर, त्याचं घर त्या चुलीवर. डॉक्टरांचा सकाळचा राउंड खाटांपासून सुरू होत नसे, चुलींपासून होई. प्रत्येक मडक्यात डोकावायचं, आमटी बोटाने चाटायची आणि ओरडायचं. "चार नंबर! कालचीच भाजी? माणूस आजारी आहे की तुम्ही आजारी?" "सात नंबर, मीठ कोणी टाकलं? तिला इकडे पाठवा!" मी एकदा न राहवून म्हटलं, "डॉक्टर, पेशंट आत आहेत." तर माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरलो. म्हणाले, "चुलीवरची माणसं नीट जेवली तर पेशंट आठ दिवस टिकतो. ती उपाशी राहिली तर उद्या त्याला उचलून नेतील. तुझ्या बाटल्यांनी काय होतं रे?" बारा वर्षांत हे वाक्य मी किमान शंभरदा ऐकलं, आणि दर वेळी मला ते बाटल्यांचा अपमान वाटायचं.

कमिटीचे सेक्रेटरी हे पेशाने वकील, कपडे पांढरेशुभ्र, आणि धुराचं त्यांना वावडं. दर महिन्याला नाकाला रुमाल लावून येत आणि म्हणत, "डॉक्टर, हा दवाखाना आहे की धर्मशाळा?" डॉक्टर म्हणत, "धर्मशाळाच आहे. तुम्हाला दवाखाना हवा असेल तर आधी आजारी पडून दाखवा." असं बोलणारा माणूस नोकरीत टिकला कसा, याचं उत्तर एकच. त्या पगारावर दुसरा कोणी एल.सी.पी.एस. झालेला डॉक्टर इकडे यायलाच तयार नव्हता.

आणि मग ती माघातली गोष्ट घडली. ती आठवली की आजही माझं डोकं तापतं, आणि वाईट हे की ते स्वतःवरच तापतं. कोर्टात कसल्याशा साक्षीसाठी डॉक्टर दोन दिवस धुळ्याला गेले होते. सहा नंबरच्या खाटेवर झिनी नावाची, डोंगरातल्या पावरा जमातीची बाई होती. बाळंत होऊन तिला बाळंतज्वर झालेला. डॉक्टरांनी सहा दिवस तिला मरणाच्या दारातून ओढत आणली होती. ताप उतरायला लागला होता, पण जाताना मला बजावून गेले होते, "हिला अजून दहा दिवस हलवायचं नाही. हलवलीस तर ती संपली, कळलं?" कळलं होतं. ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सेक्रेटरींचा निरोप आला की उद्या कलेक्टरसाहेब दवाखाना बघायला येणार, परसात चुली दिसता कामा नयेत.

त्यांनी एवढंच सांगितलं होतं. मी काय करायला हवं होतं? चार शब्द बोलून चुली कुंपणापलीकडे न्यायला लावायच्या, बस. पण मी विहिरीवरून बादल्या भरल्या, परसात गेलो, आणि अकराच्या अकरा पेटत्या चुलींवर पाणी ओतलं. कोणाशी एक अक्षर बोललो नाही. सहा नंबरवर वेस्त्या, म्हणजे झिनीचा नवरा, भाकरी भाजत होता. त्याच्या तव्याखाली ओतलं. फुस्स करून राख उडाली, ती त्याच्या तोंडावर गेली. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. बाकीचेही बघत राहिले. भांडण नाही, आवाज नाही. मला वाटलं, वा, किती समजूतदार लोक! आणि मी घरी जाऊन जेवून झोपलो.

संध्याकाळी येऊन बघतो तर अकरा खाटा रिकाम्या. झोळ्या बांधून सगळे निघून गेले होते. चौकीदार म्हणाला, "त्या कोनशीच बोलनात नही. गुमचूप उठनात नि ग्यात." अहो, पेटत्या चुलीवर पाणी ओतणं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं का? माझ्या घरी माझी आई मेली त्या दिवशी चूल पेटली नव्हती. माझी बायको जळत्या चुलीवर पाण्याचा थेंब पडू देत नाही. दवाखान्याचा माणूस तोंड मिटून येतो आणि चूल विझवून जातो, याचा त्या लोकांनी दुसरा कुठला अर्थ काढायचा? तुमचं माणूस आता वाचत नाही, स्वयंपाक कोणासाठी करता, असंच मी त्यांना सांगून आलो होतो. मरायचंच तर आपल्या घरी, म्हणून ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने डॉक्टर उतरले. खाटांवर पांढऱ्या चादरी, परसात झाडू मारलेला, दारावर आंब्याचं तोरण. डॉक्टरांनी सगळं बघितलं, निरोप काय आला नि मी काय केलं ते चौकीदाराकडून ऐकलं, सहा नंबरसमोर थांबले, आणि ओरडले नाहीत. माझ्या देखत पहिल्यांदाच ओरडले नाहीत. "दमणी जोड," एवढंच म्हणाले. सेक्रेटरी धावत आले, "डॉक्टर, साहेब दुपारी पोचतायत!" डॉक्टर बैलगाडीत चढता चढता म्हणाले, "त्यांना सांगा, पेशंटशिवाय दवाखाना छान दिसतो. तुम्हीच दाखवा."

बैल पिटाळत आम्ही घाटाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मोहाच्या झाडाखाली झोळी टेकवलेली, वेस्त्या उशाशी, भाऊबंद गडी बाजूला, म्हातारीच्या मांडीवर बाळ. डॉक्टरांनी आधी नाडी धरली. ताप पुन्हा चढला होता, पण बाई जिवंत होती. वर चढली असती तर राहिली नसती. डॉक्टर म्हणाले, "वेस्त्या, हिला परत ने. वाचेल ही."

वेस्त्या उठला नाही. आमच्याशी तो त्याच्या परीने अहिराणीत बोले. म्हणाला, "दादा, तुन्हावर भरोसा शे. पन तुन्हा मानूसनी चुल्हा इझाडा. आते कसाले?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "का ओतलंस ते सांग त्याला."

"वरून हुकूम आला होता," मी म्हणालो.

"खोटं!" असा आवाज त्या पायथ्याला पूर्वी कधी घुमला नसेल. बैल दचकले, बाळ रडायला लागलं. "हुकूम चुली हलवायचा होता! पाणी का ओतलंस? तिकडे ती बाई मरतेय आणि तू अब्रू सांभाळतोयस? खरं सांग!"

घरचा शेतीवाडीचा माणूस मी, डोक्याला टोपी, पायात वहाणा. डोंगरातल्या माणसापुढे वाकायची आमच्याकडे रीत नाही. पण झिनीचे डोळे अर्धे मिटलेले होते. मी जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "वेस्त्या, तिन्हं काय वाईट व्हयनं नव्हतं. डॉक्टरसनी काहीच सांगं नव्हतं. रोज तुमचा चुल्हास्ना धूर मन्हा डोयामां जास. माले कटाया येल होता. तुमना कटाया येल होता. म्हनीसन वतं." त्या माणसांचाच मला कंटाळा आला होता, हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं, आणि मला स्वतःलाही तोंडातून बाहेर पडेपर्यंत ठाऊक नव्हतं.

वेस्त्या म्हणाला, "धूर तं मन्हा बी डोयामां जास." आणि उठून झोळीचा बांबू खांद्यावर घेतला. मागचं टोक धरायला दुसरा गडी पुढे आला, तर डॉक्टर त्याला म्हणाले, "तू नाही, हा धरेल," आणि मला पुढे ढकललं. दमणीत ती हादरली असती म्हणून पायीच यायचं ठरलं. गडी आळीपाळीने खांदा बदलत होते. मला बदली मिळाली नाही. वाटभर डॉक्टर माझ्या मागून ओरडत होते, "सरळ धर! हलवतोयस! पाय आहेत की मुसळं?" खांदा सोलून निघाला, आणि खरं सांगतो, त्या ओरडण्याने मला फार बरं वाटत होतं.

झिनी वाचली. तीन आठवड्यांनी स्वतःच्या पायांनी, बाळाला पाठीला बांधून गेली. बाकीच्या दहा जणांतले सहा परत आले. उरलेल्या चौघांचं काय झालं ते कळलं नाही. डॉक्टर दर बाजाराला डोंगरातून आलेल्या माणसांना त्यांची नावं घेऊन विचारत, आणि विचारताना माझ्याकडे बघत नसत. त्यांनी ही गोष्ट कमिटीला कधी सांगितली नाही. साहेबांसमोर दवाखाना ओस का पडला, याचा जाब विचारला तेव्हा म्हणाले, "माझी व्यवस्था चुकली." मी तिथेच उभा होतो, आणि गप्प राहिलो.

गेल्या महिन्यात डॉक्टर गेले. शोकसभा झाली. सेक्रेटरी उठून म्हणाले की कैलासवासी डॉक्टर शांत आणि मितभाषी होते. मी दात आवळून बसलो. मग म्हणाले, त्यांचं स्मारक म्हणून दवाखान्याच्या परसात शहाबादी फरशी घालावी, स्वच्छता राहील, फरशीवर त्यांचं नाव कोरावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला सभेत बोलायची सवय नाही. पण कधी उभा राहिलो ते मला कळलं नाही, आणि असा ओरडलो की रस्त्यावरची माणसं थांबली. चुली कोणी विझवल्या होत्या, का विझवल्या होत्या, झोळी कुठून उचलून आणली, ते चौघे कोण, सगळं सांगितलं, नावानिशी. सेक्रेटरींना म्हणालो, त्या चुलींवर फरशी घालायची तर आधी मला तिथे आडवा पाडा. हार घातलेल्या फोटोसमोर मी हे बोललो.

फरशीचं काम सध्या थांबलंय. नवे डॉक्टर फार सभ्य आहेत, कोणाशी वर मान करून बोलत नाहीत. सकाळचा चुलींचा राउंड आता मी घेतो. काल चार नंबरला शिळी भाजी दिसली म्हणून मी खूप तणतण केली. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "हल्ली तुमचा स्वभाव फार वाईट झालाय हो." हे डॉक्टरांनी ऐकायला हवं होतं. ऐकलं असतं तर माझ्यावर काय भडकले असते!